भाताला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला खाणारी बुरशी, पावडरीत मिळते) कोणी वापरलंय का? करप्यावर चालतं का?

तरवेवाला:
संगमेश्वरकडचा आहे. दीड एकर भात, वर वरकसात (डोंगरउतारावरच्या जमिनीत) थोडी नाचणी. गेल्या साली पानांवर डोळ्यासारखे ठिपके आले, मधे राखाडी, कडेला तपकिरी. पुढे चुडाच्या (लावलेल्या रोपांच्या झुपक्याच्या) बुडाशी, पाण्याच्या रेघेला, सापाच्या कातीसारखे चट्टे. बियाण्याला कार्बेन्डाझिम चोळून त्यावरच ट्रायकोडर्माची पावडर लावली होती. काडीचा फरक नाही. यंदा परत घेऊ का? मृग तोंडावर आलाय.

खाचरातला:
अहो, बुरशी मारायचं औषध लावून त्यावर बुरशीच पेरलीत की! कार्बेन्डाझिमपुढे ट्रायकोडर्मा टिकत नाही. दोन्हींतलं एकच करा.

आणि तुमचे रोग दोन आहेत. पानांवरच्या करप्याचे बीजाणू वाऱ्यावर येतात, मातीतली पावडर तिथे काय करणार? त्याला युरियाचा हात आखडता घ्या. बुडाचे चट्टे म्हणजे पर्णकोष करपा, रायझोक्टोनिया नावाच्या बुरशीचा. त्याच्या तपकिरी गाठी मातीत राहतात, चिखलणीत पाण्यावर तरंगतात आणि चुडाला चिकटतात. ट्रायकोडर्मा या रोगाच्या बुरशीच्या तंतूंना विळखे घालून तिला खाते. तिथे पैसे वसूल होतात.

मी असं करतो: 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, त्यात बी ओतून तरंगलेलं पोचट काढायचं. दोनदा धुऊन सावलीत सुकवायचं. मग किलोला 5 ग्रॅम पावडर, पाण्याच्या शिपक्यावर हलक्या हाताने. उन्हात ठेवलंत तर मेहनत वाया.

आवणकरीण:
आमच्या कर्जतकडे राब भाजतात, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळतात. भाजल्या जमिनीत लगेच टाकू नका, गार होऊ द्या. मी किलोभर पावडर 100 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळते, ओलावा मुठीत धरला की गोळा होईल इतकाच, वर गोणपाट. आठ-दहा दिवसांनी फोडलं की पांढरी-हिरवी साय दिसते. ते वाफ्यात पसरायचं. लावणीनंतर तुंबलेल्या पाण्यात टाकून फारसं हाती लागत नाही, तिला हवा लागते.

तरवेवाला:
म्हणजे शेतात नाही, तरव्यातच (रोपांच्या वाफ्यात). पुडी जिवंत आहे हे कसं ओळखायचं? गेल्या सालची दुकानात पत्र्याखाली तापत होती.

खाचरातला:
आधी तारीख बघा. मग शिजवलेल्या गार भातावर चिमूटभर टाकून झाकून ठेवा, चार-पाच दिवसांत हिरवी धरते. पण शिळ्या भातावर दुसरीही हिरवी बुरशी येते, म्हणून बिनपावडरीची वाटी शेजारी ठेवा. आमच्या घरात यावरून भांडण झालंय.

आवणकरीण:
नाचणीलाही बीजप्रक्रिया करा. वरकसात पाणी तुंबत नाही, तिथे ती नीट टिकते. नाचणीची रोपं बुडाशी कुजून बसत असतील तर जास्तच.

तरवेवाला:
बसतात, दरसाल पाच-पंचवीस. मीठ आहे, शेणखत आहे. पुडी मात्र दुसऱ्या दुकानातून आणतो.