मंडळाचं स्थापना साल नक्की कोणतं धरायचं? (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा)

चिटणीस_खानापूर
गावच्या युवक मंडळाचा इतिहास स्मरणिकेत छापायचा आहे. तालीम, हुतूतूचा संघ, लेझीम, शिवजयंती, गणपती सगळं एकाच मंडळाचं. तालमीच्या कोनशिलेवर 'शके 1869 माघ शु. 7' आहे. एका जुन्या पावती पुस्तकावर साल नाही, पण रकाने रुपये-आणे-पैचे. नोंदणी दाखल्यावर 'म्हैसूर राज्य' आणि 1960 चा कायदा. लेटरहेडवर चौथंच काहीतरी. कमिटीत तीन मतं पडलीत. छापायचं काय?

जुनी_कीर्द
कोनशिलेपासून धरा. शकात 78 मिळवून 1947 काढलं असणार, इथेच बहुतेकजण फसतात. शक बदलतो गुढीपाडव्याला. म्हणून पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत 79. माघ महिना त्या दुसऱ्या तुकड्यात येतो, तेव्हा तुमची रथसप्तमी फेब्रुवारी 1948 ची. पौषाचं मात्र पंचांग बघूनच ठरवा, तो डिसेंबर-जानेवारीत दोन्हीकडे पसरतो.

आता दुसरी गोष्ट. कोनशिला इमारतीची असते, मंडळाची नव्हे. आधी पोरं देवळाच्या आवारात किंवा कुणाच्या तरी खळ्यात जमायची आणि वर्गणी साठल्यावर तालीम बांधायची, हा सगळीकडचा क्रम. म्हणून 'तालमीची इमारत 1948' एवढंच लिहा.

पावती पुस्तकाबद्दल: दशमान नाणी (रुपयाचे 100 पैसे) 1 एप्रिल 1957 ला आली. पण छापलेले रकाने काहीच सिद्ध करत नाहीत, कारण उरलेली पुस्तकं लोक पुढे कितीतरी वर्षं वापरत. आत हाताने लिहिलेला आकडा बघा. 'आठ आणे' तर आजही लोक बोलतात, तो पुरावा नाही. रु. 1-3-6 असा पैपर्यंतचा हिशोब दिसला तर 1957 च्या आधीचा असण्याची शक्यता जास्त. उलट 12, 19, 37 असे चमत्कारिक न.पै. (नये पैसे) दिसले तर ते बदलानंतर लगेचचे, कारण दोन आण्याचे 12, तीनचे 19, सहाचे 37 असं रूपांतर होई. 'नये' हा शब्द 1964 च्या जूनमध्ये गेला, नुसते 'पैसे' राहिले.

दप्तरवाला
दाखल्याबद्दल मी सांगतो. बेळगाव जिल्हा 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, दुसऱ्या दिवसापासून म्हैसूर राज्य, आणि 1 नोव्हेंबर 1973 पासून कर्नाटक. लेटरहेड, शिक्का, अर्ज, कशावरही राज्याचं नाव असेल तर काळ आपोआप बांधला जातो. 591 ने सुरू होणारा पिनकोड असेल तर कागद 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. 'बेळगावी' छापलंय तर सरकारी हिशोबाने 1 नोव्हेंबर 2014 नंतरचा.

1960 च्या संस्था नोंदणी कायद्याखालची फाईल जिल्ह्याच्या संस्था निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्यात मिळते. प्रमाणित नक्कल मागताना मंडळाचं नाव सांगून भागत नाही. नोंदवही कन्नडमध्ये आहे, 'मंडळ' असेल तिथे 'संघ' लिहिलेलं असतं, शुद्धलेखन वेगळं असतं. नोंदणी क्रमांक आणि साल द्या. मागायचं ते मूळ घटनापत्र आणि पहिल्या कार्यकारिणीची यादी. नुसता दाखला पुन्हा काढण्यात अर्थ नाही.

लेटरहेडवरच्या चौथ्या सालाचं कारण बहुधा हेच: मंडळं वार्षिक यादी भरायची विसरतात, फाईल मृत होते, मग कुणीतरी सरळ नवी नोंदणी करून घेतो. दोन क्रमांक, दोन सालं. नवी नोंदणी कायद्याने नवी संस्था, जुनीचा वारसा नाही. अनुदानाच्या अर्जात हे लपवू नका, छाननीत पकडलं जातं.

1956 च्या आधी ट्रस्ट म्हणून नोंद असेल तर मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा 1950 बघा. चंदगड तालुका तेव्हा बेळगाव जिल्ह्यात होता, आता कोल्हापुरात. तिकडच्या मंडळांनी तिथेही चौकशी करावी.

शहापूरकर
एक भर. खानापूर इंग्रजी मुलखात होतं, पण आमचं शहापूर सांगली संस्थानात आणि रायबाग कोल्हापूर संस्थानात. तिथल्या तालमींना संस्थानची मदत मिळाली असेल तर कागद बेळगावात शोधून मिळणार नाहीत.

आणि 'टिळकांच्या हस्ते स्थापना' असं काही तोंडी असेल तर जरा थांबा. बेळगावात सार्वजनिक गणपती 1905 पासून आहे, टिळक 1916 च्या प्रांतिक परिषदेला आले होते, 1924 ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली. त्यामुळे प्रत्येक गावाला आपली तालीम यांतल्या एकाला जोडावीशी वाटते. कागद नसेल तर ओळ गाळा.

चिटणीस_खानापूर
हे उपयोगी पडलं. शिवजयंतीच्या पावत्यांवर तारखा एप्रिल-मेच्या आहेत, चूक म्हणायची का?

जुनी_कीर्द
नाही हो, बरोबर आहेत. आपल्याकडे वैशाखातली शिवजयंती करतात, तिथी पुढे-मागे सरकते. उलट फायदाच आहे: पावतीवर तारीख आणि वार असेल पण साल फाटलं असेल, तर वैशाख शुद्ध द्वितीया त्या तारखेला आणि त्या वाराला कोणत्या वर्षी आली ते पंचांगातून काढा. दोन-तीन वर्षं उरतात, बाकी आणे-पैशांवरून गाळता येतं.

म्हाताऱ्या मंडळींना 'किती सालची गोष्ट' विचारू नका, दहा-बारा वर्षांची चूक सहज होते. 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तालीम होती का?' (डिसेंबर 1967), 'गोवा मोकळं झालं तेव्हा लेझीम कोण शिकवायचं?' (डिसेंबर 1961) असं विचारा. दोघांकडून स्वतंत्र घ्या, एकत्र बसवलं की पहिला बोलतो तेच दुसरा म्हणतो.

दप्तरवाला
पावत्यांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. काही वर्षांत डिंक कागदात उतरून शाई पसरते. फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूही. स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेली नावं तिथेच असतात. मंडळाचं साल म्हणून, माझ्या मते, सगळ्यात जुन्या कागदाचं साल छापा आणि 'उपलब्ध कागदांनुसार' हे दोन शब्द पुढे ठेवा.