थंडीसाठी स्विस पद्धतीचा दाट रस्सा: बीफऐवजी मटण वापरून चुलीवर कसा करावा?

वर्धाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझी पुतणी शिक्षणासाठी स्वित्झर्लंडमध्ये असते आणि पौषात घरी येणार आहे. तिकडे हिवाळ्यात बीफचा जो दाट, गाजर-बटाटे घातलेला रस्सा करतात, तो एकदा वावरातल्या घरी सर्वांना करून घालावा, असे तिने कळवले आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, शिवाय आमच्या घरी ते मांस खाल्ले जात नाही. त्यामुळे बोकडाच्या मटणावर काम भागवावे लागेल. घरात वाइन चालत नाही, ओव्हन नाही, आणि जळण म्हणून मुख्यतः पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) आहेत. मटणाचा कोणता भाग घ्यावा, वाइनच्या जागी काय घालावे आणि मसाला किती असावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

अचलपूरकर

दादा, मी काही वर्षे बर्नजवळच्या एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम केले आहे, म्हणून लिहितो. तिकडे जर्मन बोलणाऱ्या भागात घरोघरी होणाऱ्या या पदार्थाला फोरेसेन म्हणतात. मांसाचे मोठे तुकडे तपकिरी होईपर्यंत परततात, वर मैदा भुरभुरतात, टोमॅटोचा लगदा, तांबडी वाइन आणि हाडांचे पाणी घालतात आणि झाकण ठेवून दोन-अडीच तास अगदी बारीक आचेवर शिजू देतात. त्यांच्या सैन्यात प्रसिद्ध असलेला श्पात्झ वेगळा. त्यात मांस न परतता गाजर, कोबी, बटाटा, लीक (कांद्याच्या पातीसारखी जाड भाजी) आणि सेलरीच्या कंदासोबत उकडतात आणि रस्सा पातळच ठेवतात. आपली पुतणी दाट रस्सा म्हणते, म्हणजे तिला बहुधा फोरेसेन हवा असावा.

या रश्शाचा दाटपणा आणि चव चिवट मांसातून येते, हे आधी लक्षात घ्यावे. शिरा आणि सांध्यांजवळच्या भागांत जे कोलॅजन असते, ते साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ राहिले की विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि रस्सा ओठांना किंचित चिकटू लागतो. म्हणून मांडीचे मऊ, बिनहाडाचे तुकडे घेऊ नयेत. एक किलो मटणात मान, पुढचा पाय आणि नळ्या घ्याव्यात, आणि सोबत भाजून स्वच्छ केलेले दोन खूर टाकावेत. बकरा थोडा जून असला तरी चालेल, किंबहुना तोच बरा.

परतण्याच्या कामात घाई करू नये. तुकडे फडक्याने कोरडे पुसावेत आणि बिडाच्या कढईत थोडे थोडे करून परतावेत, कारण एकदम सगळे टाकले की मांसाला पाणी सुटते आणि ते परतले न जाता पांढुरके उकडते. जर्मनच्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ गंजात बूड करपते, तो टाळावा. सर्व तुकडे बाहेर काढल्यावर त्याच कढईत तीन कांदे आणि दोन चमचे मैदा परतून पाणी घालावे आणि बुडाला धरलेला तपकिरी थर सराट्याने खरवडून पाण्यात मिसळू द्यावा. सगळा रंग आणि अर्धी चव त्या थरातच असते. वाइनऐवजी दोन टोमॅटो, भिजवून वाटलेले मूठभर काळे मनुके आणि शेवटी एक चमचा व्हिनेगर घालावे. आंबटपणा आणि गोडी दोन्ही साधतात.

मसाल्याबद्दल माझे मत ठाम आहे. सोललेल्या अर्ध्या कांद्यावर एक तेजपान ठेवून ते दोन लवंगांनी टोचून बसवावे आणि तो कांदा तसाच रश्शात सोडावा, वर मिरपूड आणि मीठ, बस्स. सावजी मसाला मला जिवापाड आवडतो, परंतु तो येथे घातला तर गाजराची आणि मांसाची गोडी दबून जाईल. ज्यांना तिखट हवे, त्यांच्यासाठी ठेचा वेगळा ठेवावा.

झाडीपट्टी

आचेबद्दल लिहितो, कारण खरी अडचण तेथेच आहे. पऱ्हाटी भरकन पेटते, मोठी ज्वाळा देते आणि तितक्याच लवकर विझते, त्यामुळे परतण्यासाठी ती उत्तम आणि मंद शिजवण्यासाठी निरुपयोगी. उकळी आल्यावर बाभळीच्या लाकडाचे निखारे करून त्यावर भांडे सरकवावे. रश्शात एखाद-दुसरा बुडबुडा येत राहावा. खळखळ उकळला तर मांसाचे धागे आखडून कोरडे होतात.

दुसरा उपाय कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाचा आहे. युरोपात पूर्वी उकळते भांडे गवत भरलेल्या पेटीत ठेवून जळण वाचवत असत, आणि आपल्याकडे तुरीच्या कुटाराला तोटा नाही. अर्धा-पाऊण तास चुलीवर चांगले उकळल्यानंतर घट्ट झाकणाचे भांडे जाड कापडात गुंडाळून, कुटाराने भरलेल्या मोठ्या टोपल्यात खोल दाबून बसवावे आणि वरून गोधडी टाकावी. तीन-चार तासांनी बाहेर काढून पुन्हा पूर्ण उकळी आणणे मात्र आवश्यक आहे, कारण कोमट राहिलेले मांस बिघडते. टोपले चुलीपासून लांब असावे, कुटार क्षणात पेट घेते.

पूर्णाकाठची ताई

भाऊ, कुकरला नाही म्हणू नका. घरात वीस माणसे जेवायला असली तर निखारे सांभाळत बसणे कोणालाच जमत नाही. परतलेले मटण, हाडे आणि पाणी कुकरमध्ये पहिली शिटी झाल्यावर मंद आचेवर अर्धा तास ठेवावे, आणि भाज्या मात्र उघड्या गंजात नंतर घालाव्यात. टोमॅटोच्या आंबट रश्शात बटाटा लवकर शिजत नाही, म्हणून तो वेगळा उकडून शेवटी सोडावा. लीकऐवजी पातीचा कांदा आणि सेलरीऐवजी कोथिंबिरीचे देठ चालतात. नवलकोल मिळाल्यास जरूर घाला.

चरबीकडेही लक्ष द्या. बोकडाची चरबी थंडीत ताटातच गोठते आणि टाळूला चिकटते. रस्सा आदल्या दिवशी करून थंड जागी झाकून ठेवला तर सकाळी वर पांढरा थर धरलेला दिसतो. तो चमच्याने काढून टाकावा, रस्सा उकळावा आणि ताटे गरम पाण्याने शेकून वाढावे.

वर्धाकाठ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका राहिली. मैदा न घालता दाटपणा आणता येईल का? वडिलांना तो पचत नाही.

अचलपूरकर

येईल. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन भागात जवाचे दाट सूप प्रसिद्ध आहे, त्याच धर्तीवर मूठभर जव रात्रभर भिजवून मांसासोबतच शिजवावेत. जव न मिळाल्यास ज्वारीच्या कण्या घ्याव्यात. त्या शेवटच्या अर्ध्या तासात घालून अधूनमधून ढवळाव्यात, नाहीतर बुडाला बसतात. खूर घातले असतील तर कण्या दोन मुठींपेक्षा जास्त घालू नका, रस्सा गार होताना आणखी घट्ट होतो.