सेंट्रल एसीच्या तांब्याच्या नळीवर बर्फ: गॅस भरावा की आधी दुसरे काही तपासावे?

प्रश्न

आमच्या घरात डक्टमधून सर्व खोल्यांना हवा देणारा सेंट्रल एसी आहे. हल्ली ग्रिलमधून येणारी हवा थंड असली तरी तिचा जोर बराच कमी झाला आहे, संध्याकाळपर्यंत आतल्या युनिटजवळच्या जाड तांब्याच्या नळीवर बर्फ साचतो आणि एसी बंद केला की छतातून पाणी ठिबकू लागते. धूळ कमी यावी म्हणून यंदा मर्व्ह ८ ऐवजी मर्व्ह १३ दर्जाचा (मर्व्हचा आकडा जितका मोठा, तितकी बारीक धूळ फिल्टर अडवतो), तेवढ्याच म्हणजे एक इंच जाडीचा फिल्टर बसवला आहे. शिवाय वीज वाचावी म्हणून वापरात नसलेल्या दोन खोल्यांच्या ग्रिलच्या झडपा बंद ठेवल्या आहेत. मेकॅनिकने बर्फ पाहताच गॅस कमी झाल्याचे सांगितले आणि तो दरवर्षी थोडा भरावाच लागतो, असेही म्हणाला. हे खरे आहे का?

प्रतिसाद १

नाही. एसीतला गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो, तो वापरला जाऊन संपत नाही. तो कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय वरून गॅस भरणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या खर्चाची आजच तजवीज करणे होय.

तुमच्या वर्णनावरून मला तरी आधी हवेचा संशय येतो. आतल्या कॉइलला, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीला, खोलीतल्या हवेकडून उष्णता मिळत असते. ती हवा पुरेशी आली नाही तर कॉइलचे तापमान शून्याखाली जाते, तिच्यावर जमणारे दव गोठते, आणि त्या बर्फामुळे उरलीसुरली वाटही बंद होते. एसीच्या क्षमतेच्या एका टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा कॉइलवरून जावी, असा ठोकताळा आहे. एक इंच जाडीचा मर्व्ह १३ फिल्टर बहुधा हवेला बराच अडथळा करतो, आणि झडपा बंद केल्याने त्यात भर पडते. झडपा लावून वीज वाचते ही समजूत फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात डक्टमधला दाब वाढतो आणि सांध्यांमधून गार हवा छताच्या पोकळीत निसटते.

गॅस कमी असला तरीही बर्फ धरतो, त्यामुळे नुसता बर्फ पाहून निदान करता येत नाही. आधी कूलिंग बंद करून फक्त पंखा चालू ठेवावा आणि बर्फ पूर्ण वितळू द्यावा, त्याला काही तास लागू शकतात. स्क्रूड्रायव्हरने तो खरवडू नये, कारण कॉइलला भोक पडले तर गॅस खरोखरच जाईल. बर्फ असताना कूलिंग चालू ठेवणेही धोक्याचे आहे, कारण द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचून तो निकामी होऊ शकतो. त्यानंतर झडपा उघडून, जुन्या दर्जाचा स्वच्छ फिल्टर लावून, आत जाणाऱ्या आणि ग्रिलमधून येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. फरक साधारण ८ ते ११ अंश सेल्सिअस असावा.

प्रतिसाद २

ठिबकणारे पाणी केवळ बर्फाचे आहे असे गृहीत धरू नका. बर्फ वितळल्यावर कॉइलखालच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओता. ते रेंगाळले तर ड्रेन पाइपमध्ये शेवाळ व बुळबुळीत गाळ धरला आहे. अधूनमधून त्यात कपभर पांढरा व्हिनेगर ओतल्यास गाळ धरत नाही, मात्र त्यासोबत ब्लीच कधीही वापरू नये. दोन्ही मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ट्रेला फ्लोट स्विच (पाणी वर चढले की एसी बंद करणारा तरंगता स्विच) असेल तर तो बोटाने उचलून एसी बंद पडतो का, हेही पाहून घ्या.

प्रश्नकर्ता

सांगितल्याप्रमाणे सर्व केले. हवेचा जोर परत आला, आत जाणारी हवा २५ अंश आणि ग्रिलमधली १६ अंश भरली, आणि दिवसभर एसी चालवूनही नळीवर बर्फ आला नाही. ट्रेमधले पाणी मात्र फार सावकाश उतरते. बाहेरचे युनिट गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने धुतले तर चालेल का?

प्रतिसाद ३

नऊ अंशांचा फरक आणि बर्फाचा मागमूस नाही, म्हणजे गॅसला हात लावण्याचे सध्या कारण नाही. उगाच जास्त भरला गेला तर तोही कॉम्प्रेसरला बाधतो.

प्रेशर पंप मुळीच नको. कॉइलवरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या त्याने आडव्या होतात. मुख्य स्विच बंद करून बागेच्या साध्या नळीने, शक्य असेल तिथे आतून बाहेरच्या दिशेने पाणी मारावे, म्हणजे कचरा आणखी आत रुतत नाही. युनिटभोवती सुमारे ६० सेंटीमीटर जागा मोकळी ठेवावी. आतला विजेचा डबा उघडू नये, कारण स्विच बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये (मोटरसाठी वीज साठवणाऱ्या भागात) विद्युतभार राहू शकतो. वार्षिक सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला कॅपॅसिटर मोजून त्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहायला सांगावे.

ड्रेनसाठी, पाणी ओढू शकणारा व्हॅक्यूम पाइपच्या बाहेरच्या टोकाला कापडाने घट्ट बसवून काही मिनिटे चालवा. गाळ बहुधा तिथूनच निघतो. धुळीचा त्रास खरोखर असेल आणि मर्व्ह १३ हवाच असेल, तर चार इंच जाडीचा फिल्टर बसेल अशी पेटी करून घ्या. जास्त घड्यांमुळे त्याचे क्षेत्रफळ वाढते आणि तेवढीच हवा कमी अडथळ्याने जाते.