आय-१३० (जोडीदाराला अमेरिकेत कायमचं नेण्यासाठीचा पहिला अर्ज) मंजूर झालाय, आता पुढे?

प्रश्न: नवरा अमेरिकन नागरिक, मी पुण्यात. एनव्हीसीकडे (अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे) केस नेमकी कुठे अडकते?

उत्तर १: बहुतेकदा आय-८६४ मध्ये, म्हणजे नवऱ्याने द्यायच्या आर्थिक हमीपत्रात. त्याचं उत्पन्न अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं, आणि घरातली माणसं मोजताना तुम्हालाही धरायचं. हेच लोक विसरतात. कमी पडलं तर सहप्रायोजक (दुसरा हमीदार) घ्या. सोबत आयआरएसचा (अमेरिकी कर खात्याचा) टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विवरणपत्राचा गोषवारा, जोडा.

उत्तर २: त्याआधी दोन फी: व्हिसाची ३२५ डॉलर, आय-८६४ ची १२०. व्हिसाची फी जमा झाल्याशिवाय डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) उघडत नाही. लग्नाचा दाखला विवाह निबंधकाचाच, गुरुजींचा किंवा मंगल कार्यालयाचा नाही. जन्मदाखल्यावर तुमचं नाव आहे ना, तेही बघा. जुन्या दाखल्यांवर पुष्कळदा नुसतं ‘मुलगी’ असतं!

उत्तर ३: पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) पासपोर्ट कार्यालयाची काढा, पोलीस ठाण्याची चिठ्ठी चालत नाही. मेडिकलची घाई नको. मुलाखतीची तारीख आल्यावर, मुंबई वाणिज्य दूतावासाच्या यादीतल्याच डॉक्टरांकडे जा. व्हिसाची मुदत सहसा मेडिकलवर ठरते.

प्रश्नकर्ती: व्हिसा बुलेटिन (व्हिसाची रांग कुठवर आली ते सांगणारं मासिक पत्रक) बघत बसू का?

उत्तर १: नको, ते ग्रीनकार्डधारकांच्या जोडीदारांसाठी. मात्र प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीनकार्ड दोनच वर्षांचं मिळेल. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (ग्रीनकार्डावरची अट काढण्याचा अर्ज) भरायचा.