गावच्या विहिरीजवळ बोअर घेऊ द्यायचा का?

औसेकर: आमची नळयोजना एकाच विहिरीवर चालते. तिच्यापासून दीडशे पावलांवर यंदा दोन नवे बोअर झाले आणि फेब्रुवारीतच विहिरीचा तळ दिसला. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत, एकाच पाणलोटात, परवानगीशिवाय नवी विहीर नको, हे १९९३च्या कायद्यातच आलं होतं. मग बोअरची गाडी गावात येते तेव्हा तिला कुणी अडवत का नाही?

बांधावरून: अडवा की, पण फक्त आम्हालाच का? विहीर गावाची, रान माझं. द्राक्षबागेवर कर्ज आहे. बाग एकदा वाळली की नवी लावून फळ धरेपर्यंत दोन वर्षं हात रिकामे. गावाला टँकर येतो, बागेला कोण पाणी देतं?

खडकवाचक: दादा, टँकर तरी कुठून भरतो? दुसऱ्या गावच्या विहिरीतूनच ना! आपला खडक बेसाल्ट. त्यात पाणी सगळीकडे सारखं नसतं, भेगांत आणि झिजलेल्या थरात असतं. तुमचा बोअर आणि गावची विहीर एकाच भेगेवर असतील, तर जो खोल जाईल तो दुसऱ्याचं ओढणार. वर सातबारा कुणाचाही असो.

लातूरची लेक: एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा आम्ही घागरी घेऊन रांगेत होतो. आईचा पाय तेव्हापासून अधू आहे. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी पाच लाख लिटर. एवढ्या मोठ्या शहराला ते किती पुरणार?

बांधावरून: ताई, ते दुःख मलाही कळतं. पण त्या दुष्काळाआधी ऊस किती लावला होता ते बघा. दोष एकट्या बोअरवाल्याचा नाही.

औसेकर: पिकांबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटलं. हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअर बंद केले, तसा ऊसही बंद केला. पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतात, आधी पिण्याचं पाणी बाजूला काढतात, मग पिकं ठरतात. म्हणून माझं म्हणणं असं: जुने बोअर राहू द्या, ५०० मीटरमध्ये नवा एकही नको, आणि फेब्रुवारीनंतर विहिरीलगतचे उपसे बंद.

बांधावरून: फेब्रुवारीत तर माझे घड भरत असतात. त्या काळात शेततळ्याचं पाणी मिळणार असेल आणि तसं ग्रामसभेत लिहून देणार असाल, तरच माझी सही.