रॉकी माउंटन ज्युनिपरवर इतोइगावा: भेटकलम की बगलकलम?

डेन्व्हरकर
परवाना घेऊन डोंगरातून खणून आणलेला, बोन्सायसाठीचा रॉकी माउंटन ज्युनिपर (सदाहरित सूचिपर्णी झाड) आहे, कुंडीत तिसरं वर्ष. खोड, जिन (साल काढलेली वाळकी फांदी), शारी (खोडावरचा साल नसलेला कोरडा पट्टा) झकास. पाला मात्र विरळ, लोंबता, पॅड (फांदीवरचे पाल्याचे दाट थर) भरतच नाहीत. त्यावर इतोइगावा शिंपाकू (दाट, बारीक पाल्याचा जपानी ज्युनिपर) कलम करून चढवायचा आहे. त्याची पेन्सिलीहून बारीक अशी चार रोपं कुंडीत तयार आहेत. भेटकलम (मुळासकट रोप झाडाला जोडणं) करू की बगलकलम, म्हणजे तोडलेली काडी थेट बसवू? आणि मूळचा पाला कधी उडवायचा?

खुंट-काडी
रोपं कुंडीत आहेत ना, मग भेटकलमच. आंब्याचं करतात तसंच: दोघांचीही मुळं शाबूत, जोड धरला नाही तरी इतोइगावा जगतो. मार्चमध्ये, वाढ सुटायच्या आत उरका.
आधी साल ओली करून घासा, म्हणजे जिवंत शीर (रस वाहणारा सालीचा पट्टा) कुठून कुठे जाते ते दिसेल. शारीच्या कोरड्या लाकडावर काहीच धरत नाही. शिरेत 3-4 सेंमी खाच घ्या, रोपाच्या खोडाइतकीच रुंद. रोप दाबूनच आत गेलं पाहिजे. रोपाच्या, खाचेला टेकणाऱ्या दोन्ही कडांची साल सोला. बारीक खिळ्यांनी पक्कं करा, वर कटपेस्ट (काप झाकायचा लेप).
दोन हंगाम थांबा. जोडाच्या वरचं रोपाचं खोड खालच्यापेक्षा जाड दिसलं की धरलं समजा. तरी रोप जोडाखालून एकदम तोडू नका. निम्मं कापा, महिनाभर पाला टवटवीत राहिला तर उरलेलं.

शिंपाकूवेडा
जिथे रोपाची कुंडी टेकवता येत नाही तिथे बगलकलम. 3 मिमीची जोमदार काडी, तिच्या बुडाला पाचर, एका बाजूने 2 सेंमी, दुसरीने 1. लांब बाजू लाकडाकडे. इथेच बहुतेकांचं चुकतं: खुंटाची (ज्यावर कलम करायचं त्या झाडाची) साल जाड, काडीची कागदासारखी. दोन्हींच्या साली बाहेरून एकसारख्या लावल्या की कॅम्बियम (सालीखालचा वाढीचा पातळ थर) जुळतच नाही. काडी खुंटावरच्या कापाच्या एका कडेला सरकवा आणि किंचित आत दाबा. एक कड जुळली तरी पुरे. मग पट्टी ताणून बांधा, काडीवर दमट मॉस (शेवाळ) घालून प्लॅस्टिकची पिशवी.

डेन्व्हरकर
पिशवी कधी काढू? काडी हिरवी राहिली की?

शिंपाकूवेडा
हिरव्यावर भुलू नका! ज्युनिपरची मेलेली काडीही कित्येक आठवडे हिरवी दिसते. नवी पोपटी टोकं सुटायला हवीत, साधारण दोन-तीन महिने. मग टाचणीने भोकं, आठवड्याने कोपरा कापा, मग काढा. तोवर पिशवीवर थेट ऊन नको, आत काडी शिजते. मॉस घट्ट पिळूनच घाला. पाणी टपकलं तर बुरशी.

खुंट-काडी
मूळच्या पाल्याचं राहिलं. कलमाच्या पुढचा (फांदीच्या टोकाकडचा) पाला रस ओढतो, तो पहिल्या वर्षी ठेवाच. कलमावर सावली धरणाराच तेवढा छाटा. सगळा एकदम उडवलात तर ती शीर आणि तिची मुळं दोन्ही जातील. कलम जोरात वाढू लागलं की दरवर्षी साधारण एक तृतीयांश कमी करा. आणि पट्टी सालीत रुतताना दिसली तर मागच्या बाजूने उभी चिरून सैल करा.