रिक्वायरमेंट लिहिताना आधी प्रसंग की थेट कलमं?

खडूस_अ‍ॅनालिस्ट
आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये वाद पेटलाय: रिक्वायरमेंट, म्हणजे सिस्टिमने काय करायचं ते, लिहायचं कसं? मी म्हणतो, आधी सिनॅरिओ, म्हणजे कोण काय करतो याचे प्रसंग लिहा. आर्किटेक्ट म्हणतो, गोष्टी नकोत, 'सिस्टिमने अमुक केलेच पाहिजे' अशी कलमं द्या.

परवाचंच बघा. रजेच्या अर्जाचं मॉड्यूल. कलम एकच: 'अर्ज वरिष्ठ मंजूर करतील.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एचआरच्या मॅडमना प्रसंग वाचून दाखवला: अर्ज सोमवारी, रजा बुधवारपासून, आणि वरिष्ठ स्वतःच आठवडाभर रजेवर. त्या हसून म्हणाल्या, "मग मी फोनवर तोंडी मंजुरी घेते, नोंद मागाहून." ही वाट कुठल्याच कलमात नव्हती!

कलमबहाद्दर
असहमत. दहा प्रसंग लिहा, अकरावा राहणारच. उदाहरणांच्या ढिगातून नियम आपोआप तयार होत नाही. वर क्लायंटला गोष्ट आवडते, तो सही करतो आणि सगळे निर्धास्त. बरं, 'पाच हजार जण एकदम आले तरी दोन सेकंदांत उत्तर' हे कुठल्या गोष्टीत बसवणार?

टेस्टरताई
थेरॅक-२५ आठवतंय? रेडिएशन देणारं मशीन. १९८५ ते १९८७ मध्ये सहा रुग्णांना भयंकर जादा डोस गेला. त्यातल्या काही अपघातांत ऑपरेटरने चुकून एक्स-रे मोड टाकला होता, मग कर्सर वर नेऊन तो इलेक्ट्रॉन केला. मोडप्रमाणे किरणांचा झोत (बीम) वळवणारे चुंबक जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागायचे. त्याच्या आत झालेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या लक्षातच यायची नाही. हळू टाइप करणाऱ्याला हा दोष दिसला नसता. सरावलेल्या हाताचा प्रसंग कोणी लिहिला असता तर?

कलमबहाद्दर
'असता तर' म्हणायला काय जातं! अपघातानंतर प्रसंग सगळ्यांनाच सुचतात. तिथे हवा होता नियम: मशीनची प्रत्यक्ष स्थिती मोडशी जुळल्याशिवाय बीम सुरू होणार नाही. आधीच्या थेरॅक-२० मध्ये तसा हार्डवेअरचा अडसर होता, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये तोच दोष असूनही रुग्ण वाचले.

खडूस_अ‍ॅनालिस्ट
अडसराचं मान्य. आठ सेकंद नसतेच सुचले. पण 'टाइप करताना चुकला, मागे जाऊन सुधारलं' एवढं तरी? मी प्रत्येक पायरीला तीन प्रश्न विचारतो: माणूस चुकला तर? अर्ध्यात सोडून गेला तर? त्याच वेळी दुसऱ्याने हात घातला तर? जे उत्तर येईल त्याचं कलम करतो आणि शेजारी प्रसंगाचा क्रमांक टाकतो. म्हणजे कलमं मलाही हवीतच, फक्त ती खुर्चीत बसून सुचलेली नकोत. तुमचे पाच हजार जण खुशाल वेगळ्या पानावर लिहा.

कलमबहाद्दर
आणि ते क्रमांक सांभाळणार कोण? आमच्याकडे चाळीस पानी युज केस डॉक्युमेंट, म्हणजे असल्याच प्रसंगांचं बाड, आहे. त्यात अजून असलेला लॉगिन स्क्रीन सॉफ्टवेअरमधून केव्हाच काढून टाकलाय.

टेस्टरताई
कारण त्यावरून कोणी टेस्टच करत नाही. माझ्या टेस्ट केसेस प्रसंगांवरूनच निघतात. स्क्रीन बदलला की दुसऱ्या दिवशी टेस्ट फेल, आणि मी तुमच्या टेबलापाशी हजर.